उताराला भरणारी मोटार

त्र्यंबकराव डॉक्टरांच्या मोटारीत बसायचं तर जुनं पातळ नेसायचं, हा धडा मी लवकरच शिकले. मागच्या बाकाखाली काचेच्या बरण्या होत्या, बरण्यांत तेजाब होतं, आणि लातूरहून देवणीकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर बरण्या हिंदकळल्या नाहीत असा एक कोस नव्हता. माझ्या एकूण एक पातळांच्या काठाला भोकं पडलेली. दवाखान्यात येणाऱ्या बायका विचारायच्या, "नर्सबाई, घरात उंदरं लई झालेत का?" मी म्हणायची, "एकच हाय, पण हैदराबादेत शिकून आलाय." हे एकदा डॉक्टरांच्या कानावर गेलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, उंदीर नका म्हणू. उंदीर खाल्लेलं परत देत नाही."

ह्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. त्यांच्या बहुतेक उत्तरांचा अर्थ मागाहूनच कळायचा.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडे विलायतेत मोठी लढाई चालू होती. मी हैदराबादेहून नर्सिंग शिकून लातूरला त्यांच्या खाजगी दवाखान्यात आले होते. माणूस उंच, काटक, नेहमी एकाच राखाडी शेरवानीत. शेरवानीच्या उजव्या खिशात थर्मामीटर आणि डाव्या खिशात पाना. कधी कधी खिसे बदलायचे. एका अडत्याला "आ करा" म्हणून त्यांनी तोंडासमोर पाना धरला, तेव्हा तो बिचारा खुर्चीसकट मागे सरकला होता. डॉक्टर नाडी बघायचे, औषध द्यायचे, सगळं नीट करायचे. हातगुण चांगला होता. पण रोगी उठून गेला की त्यांचे डोळे खिडकीतून बाहेर, शेडमधल्या मोटारीकडे. गावानं त्यांना नाव ठेवलं होतं, मोटारवाले डॉक्टर. ते त्यांना आवडायचं.

त्यांना एकच प्रश्न पडायचा आणि तो दिवसभर पडायचा. "ही ताकद गेली कुठं?" कुणी दळत बसलं असेल तर जातं थांबवायला लावून खालच्या तळीला हात लावून बघायचे. "गरम हाय बगा. हिच्या हातातली ताकद पिठात गेली निम्मी, बाकीची दगड तापवण्यात गेली." दळणारी बाई डोक्यावरचा पदर सावरत माझ्याकडे बघायची, म्हणजे डॉक्टरला औषध कोण देणार अशा अर्थानं. दवाखान्यात काशिनाथ नावाचा कंपाउंडर होता, वयानं डॉक्टरांपेक्षा मोठा आणि तोंडानं फटकळ. तो म्हणायचा, "साब, ताकद कुठं गेली ते सोडा. तुमचं जेवन थंड होऊन राहिलंय, ती गरमी कुठं गेली ते बगा." डॉक्टर खरंच ताटाकडे बघत विचार करायचे. भूक लागली आहे हे त्यांना त्यानंतर आठवायचं.

माझ्याही डोक्यात हा प्रश्न त्यांनीच घातला, आणि तोही बोट भाजवून. आम्ही मांजरेच्या बाजूला एक रोगी बघायला निघालो होतो. मोठा उतार उतरून खाली आलो तशी त्यांनी मोटार थांबवली, खाली उतरले आणि मला म्हणाले, "बाई, ह्या चाकाच्या आत हात लावा." मी भोळेपणानं लावला. बोट चटकन पोळलं. मी फुंकर घालत उभी आणि हे खुशीत. "आपण पेट्रोल जाळून मोटार वर चढवली ना? मग खाली येताना ब्रेक दाबला. वर चढवलेली सगळी ताकद ह्या लोखंडात जळाली. चढताना जाळायचं, उतरताना जाळायचं. हा कुठला व्यवहार?" मी म्हटलं, "आधी बोटाला काहीतरी लावा." त्यांनी बॅग उघडली, मलम लावलं, पट्टी बांधली, आणि पट्टी बांधताना पुन्हा तेच. "बैलगाडी उताराला लागली की गाडी बैलांना ढकलते. बैल मागं रेटत चालतात. ते रेटणंसुद्धा फुकट जातं."

आता हा नुसता छंद असता तर मी इतकं लिहीत बसले नसते. त्या दिवसांत पेट्रोल कूपनवर मिळायचं. डॉक्टर म्हणून यांना थोडं जास्त मिळे, पण खेडी लांब आणि रस्ते चढउताराचे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टाकी कोरडी पडायची आणि मोटार शेडमध्ये गप्प बसायची. अशाच एका महिनाअखेरीला एका खेड्यातून बाळंतिणीचं बोलावणं आलं. आम्ही बैलगाडीनं गेलो. पोचलो तेव्हा अंगणात बायका रडत होत्या.  परत येताना घराजवळ आल्यावर डॉक्टर म्हणाले, "महिन्याचं पेट्रोल महिना संपेपर्यंत पुरलं पाहिजे, बाई. दुसरं काही नाही. एवढंच झालं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन एका जहागीरदारांकडे गेले. रोगी जहागीरदारांची आई होती आणि तिला साधा खोकला होता, पण डॉक्टरांचा डोळा वेगळ्याच गोष्टीवर होता. त्या बंगल्यात पूर्वी घरची वीज होती. इंजिन, डायनॅमो आणि काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्या. इंजिन कधीच बिघडलं होतं आणि बंगल्यात पुन्हा कंदील लागले होते. डायनॅमो आणि बरण्या घोड्यांच्या तबेल्यात धूळ खात पडल्या होत्या. म्हातारीला काढा लिहून देऊन डॉक्टर तबेल्यात शिरले ते बाहेर येईनात.

जहागीरदार मोठा हौशी माणूस. तो म्हणाला, "डॉक्टर साब, इंजिन तो मर गया. ये अकेला क्या करेगा?"

"हुजूर, हा फिरवला की वीज देतो," डॉक्टर म्हणाले.

"वो तो मालूम है."

"आणि ह्याला वीज दिली तर हाच फिरतो. हे मालूम आहे का?"

जहागीरदार थबकला. त्यानं डायनॅमोभोवती एक चक्कर मारली, काठीनं ठोकून बघितलं. "मतलब, ये घोडा है या दाना?"

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचं वय दहा वर्षांनी कमी वाटलं. "दोन्ही, हुजूर! उतार पे दाना जमा करता है, चढाई पे घोडा बन जाता है."

जहागीरदार हसत सुटला. "हौ, ले जाओ. मगर एक शर्त, मेरे कू बिठाना पडेगा." पुढे आम्ही खरंच त्याला बसवून एक फेरी मारली. त्याच्या शेरवानीलाही भोकं पडली, आणि ती तो लोकांना कौतुकानं दाखवायचा.

जिनिंगच्या कारखान्यातल्या मिस्त्रीला हाताशी धरून डॉक्टरांनी तो डायनॅमो मोटारीच्या पोटाशी बसवला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा जो लांब दांडा असतो, त्याच्याशी एक चामडी पट्टा जोडला. पुढे स्टिअरिंगजवळ एक काटा लावला. काटा उजवीकडे झुकला की भरती, डावीकडे झुकला की खर्च. उताराला इंजिन बंद करायचं. मोटार आपल्या वजनानं खाली जाई, चाकं डायनॅमो फिरवत, काटा उजवीकडे. चढाला डॉक्टर एक खटका ओढत, मग बरण्यांतली वीज डायनॅमोला फिरवी आणि तो चाकांना. इंजिनाला मदत होई. सपाटीला किंवा लहानशा चढाला थोडं अंतर इंजिनाशिवायही जाता येई, पण सायकलच्या वेगानं.

काशिनाथला हे सगळं थोतांड वाटायचं. इंजेक्शनसाठी ठेवलेलं शुद्ध पाणी डॉक्टर बरण्यांत ओतत, ह्याचा त्याला फार राग. "माणसाचं पानी मोटारीला पाजता अन् मोटारीचं तेल माणसाला द्याल एक दिवस." मग एकदा त्यानं सरळ विचारलं, "साब, खरं सांगा. जितकं उताराला भरतं तितकं समदं चढाला मिळतं का?"

"न्हाई. निम्मंसुद्धा नाही मिळत."

"मग कशाला हा खटाटोप?"

"काशिनाथ, आधी काहीच मिळत नव्हतं."

यावर काशिनाथनं शुद्ध पाण्याची बाटली स्वतःच डॉक्टरांपुढे सरकवली. त्यानं ती आपणहून दिलेली मी तेवढी एकदाच पाहिली. आणि खरंच त्या महिन्यात शेवटच्या आठवड्यातही मोटार हलत होती. डॉक्टरांनी टाकीत काठी बुडवून बघितली, ओली काठी मला आणून दाखवली, एखादं मूल शाळेतली पाटी दाखवतं तशी. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. तोंडानं मात्र मी पातळाचं भोकच दाखवलं.

आता गजराची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना अजून जड जातं.

मांजरेपलीकडे, देवणीच्या वाटेवर चिंचोली नावाचं गाव आहे. तिथले ग्यानबा म्हणून शेतकरी, घरची जमीन, दावणीला देवणी बैलांची देखणी जोडी. त्यांची सून गजरा पहिलटकरीण. दिवस भरले तसा सकाळीच निरोप आला, कळा सुरू झाल्यात आणि मूल आडवं वाटतंय. आम्ही लगेच निघालो. टाकीत पेट्रोल होतं, फार नव्हतं, पण होतं. महिना संपायला मात्र बराच अवकाश होता.

त्या भागातली एक रीत मला ठाऊक होती, पण त्या दिवशी ती वेळेवर आठवली नाही. डॉक्टरांना बोलावणं धाडलं की घरातलं कुणीतरी गावच्या गढीवर जाऊन बसायचं आणि कान देऊन ऐकायचं. मोटारीचा आवाज कोसावरून येई. आवाज आला की खाली हाक मारायची, मग चुलीवर पाणी चढायचं, बाज धुऊन उन्हात टाकायची, बाळंतिणीला सांगायचं की आता धीर धर. आवाज मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही तर मोटार बिघडली समजायचं. त्या काळी मोटारी बिघडायच्याच, आणि बहुतेक नदीतच बिघडायच्या.

नदीच्या उतारावर डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. काटा उजवीकडे गेला. पात्रात पाणी घोट्याएवढं, आम्ही सहज पार झालो. पलीकडे चढ होता. मला वाटलं आता इंजिन लावतील. त्यांनी खटका ओढला. मोटार आवाज न करता चढू लागली. पट्ट्याची बारीक चटचट, बरण्यांतलं पाणी, आणि बाजूच्या बाभळीवरची पाखरं ऐकू येत होती. चढ संपला. तरी त्यांनी इंजिन लावलं नाही.

"बाई, बघू या. गावापर्यंत जाते का."

"उशीर होईल," मी म्हटलं.

"थोडासाच. अन् पेट्रोल महिनाअखेरीला लागेल." मग जरा थांबून म्हणाले, "आणि बघायचंय मला."

शेवटी माणसाच्या चालीनं का होईना, मोटार गावापर्यंत गेली. वेशीतून आत शिरली तेव्हा एक कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत पाणी. "आली बगा! नदीपासून इथवर! एक थेंब न जाळता!" ते बॅग घेऊन जवळजवळ धावतच ग्यानबांच्या अंगणात शिरले.

अंगणात कुणी नव्हतं. चुलीवरचं पाणी तसंच होतं, खालचा जाळ विझला होता. गजराची म्हातारी आजेसासू एकटीच ओसरीवर बसली होती. आम्हाला बघून ती घाबरून उठली.

"तुमी हितं कसं? समदी तुमच्याकडंच गेली की!"

"माझ्याकडं? कुठं?"

"नदीला. ग्यानबा गढीवर बसला व्हता. मोटारीचा आवाज नदीपत्तुर आला अन् बंदच झाला. लई येळ वाट बगितली. मंग म्हनला मोटार मोडली, डॉक्टर तिकडंच अडकलं, पोरीलाच गाडीत घालून न्यावं. शेतातल्या वाटेनं गेले, जवळ पडती म्हनून."

 गाडी शेतातून नदीकडे गेली होती आणि आम्ही सडकेनं नदीकडून आलो होतो. मध्ये ज्वारीचं उभं रान. कुणी कुणाला पाहिलं नाही, आणि आमचं ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

बरण्यांतली वीज संपली होती. डॉक्टरांनी इंजिन लावलं आणि इतकं पेट्रोल दाबलं की मी दोन्ही हातांनी बाक धरून बसले. शेतातल्या वाटेनं मोटार घातली. ढेकळांतून, धसकटांतून. नदीच्या अलीकडे गाडी सापडली. बैल सोडलेले, ग्यानबा गाडीपाशी उभे, आत बायका. मूल झालं होतं. ते रडलं नव्हतं.

डॉक्टरांनी मुलाला घेतलं, उलटं केलं, तोंडातून श्वास दिला, पुन्हा दिला. मी गजराकडे बघत होते, तिचं रक्त थांबत नव्हतं. शेवटी मीच ओरडले, "डॉक्टर, इकडे या. आईकडे या." मग ते वळले. आम्ही दोघांनी जे जमत होतं ते सगळं केलं आणि गजरा वाचली. मुलगा गेला.

ऊन उतरणीला लागलं होतं. गजराला मोटारीत घालायचं ठरलं. डॉक्टर हात धुऊन ग्यानबांपुढे जाऊन उभे राहिले.  ग्यानबा रागानं बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते फार हळू म्हणाले, "सायेब, तुमी आलात. येतो म्हनलात अन् आलात. पर आलात ते आमाला कळू दिलं न्हाई."

परत येताना सगळा रस्ता इंजिन चालू होतं. उताराला देखील.

त्यानंतर कितीतरी दिवस डॉक्टर मोटारीजवळ गेले नाहीत. पाना खिशातून गेला. काशिनाथला हे बघवेना. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, तुमीच सांगा त्यांना. डायनॅमोनं न्हाई मारलं पोराला." मी सांगितलं. ते म्हणाले, "डायनॅमोनं नाही, बाई. मला बघायचं होतं म्हणून झालं ते." ते खरं होतं. पण तेच बघणं नसतं तर महिनाअखेरीची कितीतरी माणसं आम्ही बघूच शकलो नसतो, हेही खरं होतं. दोन्ही खरं असलं की माणसानं करायचं काय?

उत्तर ग्यानबांनी आणलं. गजराचं औषध न्यायला ते दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पितळी घुंगुरमाळ होती, पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधतात ती. त्यांनी ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"ही मोटारीच्या गळ्यात बांधा, सायेब."

"मी आता इंजिन बंदच करणार नाही, ग्यानबा."

"मंग महिन्याच्या शेवटी कोन येनार आमाकडं?" ग्यानबा म्हणाले. "इंजिन बंद करा की. पर ही वाजवत या. बैलाची माळ गढीवर आयकू येती."

 डॉक्टरांनी ती उचलली, हलवून बघितली, कान देऊन ऐकली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तो मोटारीपुढचा जुना भाव परत आला. "बाहेर बांधली तर खड्ड्यातच वाजेल. गुळगुळीत रस्त्याला मुकी राहील. कुणीतरी हातानं वाजवली पाहिजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीनं माझ्या नोकरीत एका कामाची भर पडली. इंजिन बंद झालं की मी खिडकीतून हात बाहेर काढून माळ वाजवायची. सुरुवातीला मला फार लाज वाटे. पुढे खेडोपाडी लोक माळ ओळखू लागले. आम्ही वेशीत शिरायच्या आत पाणी उकळलेलं असायचं.

लढाई संपली तरी पेट्रोल मोजूनच मिळत राहिलं, आणि मोटार तशीच चालत राहिली. मग मला नांदेडच्या दवाखान्यात जागा मिळाली. डॉक्टरांनी अडवलं नाही. "तिथं शिकायला मिळेल," म्हणाले. निघण्याच्या दिवशी ते सकाळीच कुठेतरी गेले होते. काशिनाथ म्हणाला, "देवणीकडं गेलेत. काय काम ते सांगितलं न्हाई." मला थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं बरोबर काम केलं, निदान निरोपाला थांबायचं. मी ट्रंक घेऊन सडकेवर बसची वाट बघत उभी राहिले.

तेवढ्यात उतारावर माळ वाजली.

मोटार इंजिन बंद करून खाली येत होती. डॉक्टर स्टिअरिंगवर ओणवे, नजर काट्यावर. मागच्या बाकावर गजरा होती, पोट पुढं आलेलं, पदर वाऱ्यावर उडालेला, हात खिडकीबाहेर. ती माळ वाजवत होती आणि हसत होती. शेजारी ग्यानबा गाठोडं मांडीवर घेऊन ताठ बसले होते. दिवस भरायला अजून अवकाश होता, हे तिच्याकडे बघून मला कळलं. ह्या खेपेला गढीवर कुणी ऐकत बसायला नको, म्हणून डॉक्टर स्वतःच जाऊन तिला घेऊन आले होते.

मी हात वर केला. डॉक्टरांनी मला पाहिलं, पण मोटार थांबवली नाही. शेजारून जाताना ओरडले, "थांबता येत नाही, बाई! भरतंय! काटा बगा, काटा!"

काटा मला कुठून दिसणार? मला गजराचा हात दिसला. मी वाजवायची त्यापेक्षा ती पुष्कळ जोरात वाजवत होती. मोटार चढाला लागली, क्षणभर रेंगाळली, मग डॉक्टरांनी खटका ओढला असावा. ती आवाज न करता वर चढली आणि दवाखान्याच्या रस्त्याला वळली. मग माझी बस आली. ट्रंक वर चढवताना मी मागं वळून पाहिलं. दवाखान्याच्या दारात काशिनाथ धावत बाहेर आला होता आणि गजराला हात देऊन उतरवून घेत होता.